पौर्णिमेचा काला

द्वादशीला बारस सोडली की पंढरपूर रिकामं व्हायला लागतं. टीव्हीवरची वारी तर एकादशीलाच संपते. आमच्या आजीची मात्र संपत नसे. "काला खाल्ल्याबिगर कसली वारी?" म्हणत ती आषाढी पौर्णिमेपर्यंत तिथंच मुक्काम ठोकायची. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच आषाढात वडील म्हणाले, "चल, तिचा काला घेऊन येऊ."

पौर्णिमेच्या पहाटे एसटीतून उतरलो. चंद्रभागेच्या गढूळ पाण्यात पाय बुडवले, नामदेव पायरीशी डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले आणि निघालो. दर्शनबारीकडे वडिलांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आजीही कधी बारीत उभी राहिली नाही. "कळस दिसला, झालं!" लहानपणी मला हा आळस वाटायचा. पेरणी उरकून आळंदीपासून चालत येणाऱ्या बाईचा आळस! माळ घातल्यापासून कांदा-लसूण सुटला होता. मिश्री तेवढी सुटली नाही, आणि त्यावर बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

गोपाळपूर जवळच, चालत जाण्याजोगं. पालख्या पुढे गेलेल्या, वाटेवर बुक्क्याचा वास. वडील गप्प होते. मग एकदम म्हणाले, "लई राग यायचा मला तिचा. आषाढ जवळ आला की ही निघाली. ओल्या लाकडांवर चूल फुंकायला मी." हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

उंचवट्यावरचं गोपाळकृष्णाचं देऊळ लहानशा किल्ल्यासारखं दिसतं. दिंड्यादिंड्यांतून काल्याची कीर्तनं चालली होती. हंडी फुटली की दहीलाह्या एकमेकांच्या तोंडात, आणि मग जो दिसेल त्याच्या पाया पडायचं. एक सत्तरीचे आजोबा माझ्या पाया पडले. मी इतका गडबडलो, की वाकताना त्यांच्या पागोट्यावर माझं डोकं आपटलं.

देवळात जनाबाईचं जातं दाखवतात. नामदेवांच्या घरी दळणाऱ्या जनीला विठोबा हात द्यायचा, ही श्रद्धा. बायका एकेक फेरा देऊन सरकत होत्या. वडील उकिडवे बसले, खुंटा धरला. "आई दळायची तेव्हा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो मी. कानात पीठ जायचं." एक फेरा झाला, दुसरा झाला. खुंटा काही सुटेना.

"माउली, पुढं सरका," मागून आवाज आला.

लाह्या धोतराच्या फडक्यात बांधून आणल्या. प्रसादाची आजीची घरं ठरलेली होती. वडिलांनी ती सगळी फिरून घेतली. शेवटच्या घरच्या म्हातारीनं हातावरच्या लाह्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढ्याच? तुझी आई मूठभर द्यायची."