ड्रेस्डेनला भेटलेला औरंगजेब

मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही तिघं लायपझिगहून रेल्वेनं ड्रेस्डेनला गेलो. त्स्विंगर हा बरोक राजवाडा पाहायचं कधीपासून मनात होतं. राजवाडा म्हणायचा, पण राजा इथे राहत नसे. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा 'बलवान ऑगस्ट' यानं १७१०च्या सुमारास तो संत्र्याची झाडं ठेवण्यासाठी आणि दरबारी सोहळ्यांसाठी बांधायला घेतला.

खंदकावरचा पूल ओलांडून सोनेरी मुकुटाच्या दरवाजातून आत शिरलो आणि समोर प्रशस्त चौक उलगडला. कारंज्यांचा आवाज, कठड्यांवर ओळीनं मूर्ती. डावीकडच्या मंडपाच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल पेलणारा हर्क्युलस, आणि खाली खांबांच्या जागी पेर्मोझरनं घडवलेले दाढीवाले वनपुरुष. आपल्या देवळात खांबांवर छताचा भार वाहणारे कीचक असतात ना, त्यांचेच हे भाऊबंद! प्रत्येकाचा चेहरा निराळा. कुणी त्रासलेला, कुणी चक्क हसणारा. लेक एकेकासमोर उभी राहून तसंच तोंड करत होती.

दगड कुठे काळा, कुठे पांढुरका. फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात हे सगळं उद्ध्वस्त झालं होतं. लोकांनी ते पुन्हा उभारलं. हे कळल्यावर त्या पांढऱ्या ठिगळांवरून हात फिरवावासा वाटला.

दुपारी समोरच्याच राजप्रासादात ऑगस्टचा खजिना पाहायला गेलो. तिथे एका काचेपाशी माझे पाय थबकले. पाटी होती, 'औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्ली दरबार'! डिंगलिंगर नावाच्या सोनारानं भावांच्या मदतीनं १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं खपून तो केला. शंभरावर चिमुकल्या मूर्ती, जवळजवळ ५००० हिरे, भेटी घेऊन आलेले सरदार, हत्ती आणि मधोमध सिंहासनावर बादशहा. डिंगलिंगरनं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. प्रवासवर्णनं वाचून त्यानं हा दरबार कल्पिला. त्यामुळे त्यात थोडा चीनही डोकावतो.

"आई, हा कोण?" लेकीनं विचारलं. इथल्या शाळेत तिला बलवान ऑगस्ट शिकवलाय; हा नाही.

साताऱ्याला मी सातवी-आठवीला इतिहास शिकवायची. नोकरी सोडून सहा वर्षं झाली. तिथेच बाकावर बसून तिला सांगितलं, की हे हिरे इथे बसवले जात होते तेव्हा बादशहा दिल्लीत नव्हताच. तो आपल्या मुलखात तंबूत राहून कधी सिंहगडाला, कधी तोरण्याला वेढा घालत होता. एक गड घ्यावा तोवर दुसरा हातचा जाई. राजाराम महाराजांच्या मागे ताराराणी लढत होत्या. १७०७मध्ये तो अहमदनगरजवळ वारला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. हा दरबार पुरा झाला तेव्हा तो खुलदाबादच्या साध्या कबरीत होता.

लेक पुन्हा काचेपाशी गेली. बराच वेळ शोधून म्हणाली, "आई, यात ताराराणी कुठेय?"

"यात नाही गं. तिची गोष्ट आपण सांगायची."

परतीच्या गाडीत नवरा डुलक्या घेत होता. लेक मात्र लायपझिग येईपर्यंत "मग पुढे?" विचारत राहिली. सहा वर्षांनी माझा वर्ग पुन्हा भरला होता, विद्यार्थिनी एकच असली तरी.