चंद्राकडून दहा रुपये

दिवाळीतला फेव्हरिट दिवस कोणता, असं कुणी विचारलं की मी बिनधास्त 'भाऊबीज' म्हणते. पुढचा प्रश्न ठरलेला, "भाऊ काय करतो गं तुझा?" भाऊ नाहीये! आम्ही दोघी बहिणीच, ताई आणि मी. मग भाऊबीजेचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल.

ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. यम-यमुनेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, ही सोय मात्र भाऊवाल्यांच्या गावीही नसते. (तो जगाचा मामा, म्हणजे आईचा भाऊ. मग आमचा कसा? हा प्रश्न मी दरवर्षी विचारायचे. उत्तर म्हणून चकली मिळायची.) प्रॅक्टिकल अडचण अशी, की कार्तिक शुद्ध द्वितीयेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर. सूर्य मावळला की पश्चिमेला अगदी खाली दिसते आणि तासाभरात गायब! कोथरूडच्या आमच्या गच्चीवरून पूर्वी ती आरामात दिसायची, मग मध्ये टॉवर आले. तेव्हा सहा वाजल्यापासून आई तबक घेऊन उभी, आम्ही नव्या ड्रेसमध्ये आणि बाबा पाण्याच्या टाकीवर चढून "सापडला, सापडला" ओरडतायत... असा सगळा सीन. शेजारच्या काकू हळहळायच्या, "दोघी मुलीच ना..." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि निरांजनाची वात पुढे सारायची.

ओवाळून झालं की बाबा खिशातून दोन पाकिटं काढायचे. आत दहाची कोरी नोट आणि वर त्यांच्या अक्षरात 'चंद्राकडून'. मला ते खरं वाटायचं. ताई चार वर्षांनी मोठी, तिने अक्षर केव्हाच ओळखलं होतं. पण मला सांगितलं नाही.

2018 च्या दिवाळीत बाबांची बायपास झाली. मी तेव्हा मासकॉमला, ताईची पहिली नोकरी. ऑपरेशनच्या आधी काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला आणि ताईला बघून थांबला. "घरात जेन्ट्स कुणी? मुलगा वगैरे?" ताईने फॉर्म ओढून घेतला, "मी आहे ना," म्हणाली आणि सही केली. तिचा हात थरथरत होता, ते फक्त मला दिसलं.

भाऊबीज आली 9 नोव्हेंबरला. बाबा आयसीयूत, आई बाहेर बाकावर. संध्याकाळी आम्ही दोघी चहा प्यायला खाली पार्किंगमध्ये आलो, तर कंपाउंडच्या भिंतीवर ती कोर! ना तबक, ना निरांजन. ताईने मोबाइलचा टॉर्च लावला आणि चंद्राऐवजी मलाच ओवाळलं. मग मी तिला. वॉचमनकाका बघतच राहिले. आम्हाला आधी हसू आलं आणि मग दोघी ढसाढसा रडलो. चहा गार झाला.

बाबा घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी आईकडे पाकिटं मागितली. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं. ते पाकीट मी अजून उघडलेलं नाही.

तेव्हापासून आम्ही चंद्राला ओवाळतो आणि मग एकमेकींना. फ्रीलान्सिंगचा चेक वेळेवर आला (हा जोक नाही!), तर थोडे पैसे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीत टाकते. 1896 साली विधवांच्या आश्रमापासून सुरू झालेली ही संस्था. दिवाळीत त्यांचे कार्यकर्ते दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरायचे, ते आजी असल्यापासून आमच्या घरी यायचे.

ताई 2021 पासून लंडनला असते. तिथे शरद ऋतूत ही कोर क्षितिजाला इतकी चिकटून असते, की दिसली तर दिसली. 2024 च्या भाऊबीजेला तिच्याकडे दुपारी साडेचारला सूर्यास्त, आमच्याकडे रात्रीचे दहा. आमचा चंद्र कधीच मावळलेला, तिचा ढगात. मग व्हिडिओ कॉलवर तिने लॅपटॉपला ओवाळलं, मी फोनला. कॉल चालू असतानाच बाबांनी दोन पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरली. तिचं पाकीट आईच्या कपाटात जमा होतं, आल्यावर सगळी एकदम घेऊन जाते.

नोट अजून दहाचीच असते. मी एकदा वाढवून मागितली, तर बाबा म्हणाले, "अगं, त्याला कुठे इन्क्रिमेंट मिळतंय?"