खुशाल रमा!

आजवरच्या आयुष्यात मी एकाच माणसाला ‘मरा’ असे लेखी कळवले आहे, आणि तो माणूस म्हणजे माझे गुरू!

दचकू नका. मी स्वभावाने गरीब मनुष्य आहे. महाविद्यालयात मराठी शिकवतो, उत्तरपत्रिका तपासतो आणि रविवारी भाजी आणतो. कोणाचे वाईट चिंतण्याइतकी सवडच मला मिळत नाही. तरीही हे घडले खरे.

आमचे सर ७८ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी वारल्या. मुलाने फारच आग्रह धरला, तेव्हा चाळीस वर्षांचे बिऱ्हाड मोडून त्याच्याकडे राहायला जायचे सरांनी ठरवले. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांची पुस्तके बांधायला गेलो होतो. खोक्याला सुतळी आवळता आवळता सर हळूच म्हणाले, “काय रे, एवढं जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं, तर जगतं का?”

मला उत्तर सुचले नाही. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना ऐन वेळी काही सुचत नाही; सुचते ते घरी गेल्यावर. चार दिवसांनी रात्री संगणकापुढे बसून मी सरांना व्हॉट्सॲपवर चांगला ऐसपैस मजकूर लिहिला. शेवटी लिहायचे होते, ‘आता नातवंडांत खुशाल रमा. इकडची काही काळजी करू नका.’ प्रत्यक्षात लिहिले, ‘आता नातवंडांत खुशाल मरा. इकडची काही काळजी करू नका.’

आणि समाधानाने झोपलो!

सकाळी चहा घेताना तो मजकूर पुन्हा वाचला आणि कप हातातच राहिला. मजकुरापुढे त्या दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. म्हणजे सरांनी तो वाचला होता. लगेच फोन केला, तर त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “बाबा पूजेला बसलेत. काही निरोप सांगू का?” असल्या गोष्टीचा निरोप तो काय सांगणार! मी चुकीची दुरुस्ती लिहून पाठवली, क्षमा मागितली. उत्तर नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. उत्तर नाहीच.

अशा वेळी माणसाला नको त्या गोष्टी आठवतात. मला आठवला फ्रॉइड. बोलण्या-लिहिण्यातली चूक म्हणजे मनाच्या तळघरात कोंडलेल्या इच्छेने खिडकीतून बाहेर काढलेले डोके, अशा अर्थाचे विवेचन त्याने १९०१ साली केले होते. म्हणजे माझ्याही तळघरात काही होते की काय? माझा पहिला लेख सरांनी चार वेळा परत केला होता, हे खरे. पण त्याबद्दल इतकी मोठी शिक्षा? छे!

शेवटी मी संगणकाच्या कळफलकापुढे बसलो आणि पोलिसांनी गुन्ह्याच्या जागी जाऊन करावा तसा पंचनामा केला. मी वापरतो ती कळरचना इन्स्क्रिप्ट नावाची. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. तिच्यात स्वर जवळजवळ सगळे डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. फक्त म, न, व अशी थोडी मंडळी डावीकडच्या खालच्या ओळीत राहतात. आता ‘खुशाल रमा’ हे शब्द पाहा. ‘ल’ आणि ‘र’ ही दोन्ही अक्षरे उजव्या तर्जनीची. ‘म’ आणि त्याचा काना ही दोन्ही कामे डाव्या मधल्या बोटाची. उजवी तर्जनी ‘ल’साठी खाली उतरली होती, ती परत ‘र’वर यायची होती. तोवर डावे मधले बोट रिकामेच होते. लग्नघरातला एखादा उत्साही तरुण पंगत बसण्याआधीच वाढायला उठतो, तसे ते ‘म’वर जाऊन टपकले. ‘र’ बिचारा मागून आला.

माझ्या या पंचनाम्याला विद्वानांचाही आधार मिळाला. कार्ल लॅश्ली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली एका निबंधात असे मांडले की, आपण बोलतो किंवा टाइप करतो तेव्हा एक अक्षर संपल्यावर दुसऱ्याचा विचार करतो असे नाही. पुढची सगळी अक्षरे आधीपासूनच मनात अर्धवट जागी होऊन बसलेली असतात. पुढे १९८२ साली रुमेलहार्ट आणि नॉर्मन या दोघांनी टायपिस्टच्या बोटांच्या हालचाली कशा ठरतात, याची नक्कल संगणकावर उभी केली. बोटे रांगेने चालत नाहीत; एक कळ दाबत असते तेव्हा दुसरे आपल्या कळीकडे निघालेलेही असते. म्हणून अक्षरांची अदलाबदल होते ती बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या हातांच्या अक्षरांत. एकाच हाताची बोटे एकमेकांना थोडीफार धरून असतात. दोन हात मात्र वेगळे निघालेल्या भावांसारखे आपापल्या घाईत!

याचा अर्थ मोठा मजेचा आहे. ज्याला कळफलक येत नाही, तो एका बोटाने अक्षर शोधत बसतो. त्याच्या हातून चुकीचे अक्षर पडेल, पण अक्षरांचा असा क्रम सहसा उलटायचा नाही. ज्याच्या बोटांना अख्खा शब्द आधीच ठाऊक असतो, त्याच्याच शब्दात मागचे अक्षर पुढे घुसते. ही अज्ञानाची चूक नव्हे. तयारीची चूक आहे.

आणि बोटांना ती कळतेही! गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प या संशोधकांनी २०१० साली एक खोडकर प्रयोग प्रसिद्ध केला. टायपिस्ट मंडळी टाइप करीत असताना त्यांनी पडद्यावर कधी नसलेली चूक घातली, तर कधी झालेली चूक गुपचूप दुरुस्त केली. माणसे पडद्यावर विसंबली. न केलेल्या चुकीचा दोष त्यांनी आपल्याकडे घेतला, आणि न केलेल्या दुरुस्तीचे श्रेयही. बोटे मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली होती तेथेच ती क्षणभर मंदावली. हे वाचले आणि मला आठवले, त्या रात्री शेवटच्या शब्दापाशी माझाही हात किंचित अडखळला होता. मीच त्याचे ऐकले नाही.

आता मी मराठीचा माणूस, तेव्हा या प्रकाराला आपल्या शास्त्रात वर्णविपर्यय म्हणतात, हे सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. ‘हिंस’ची अक्षरे उलटून ‘सिंह’ झाला, असे जुने वैयाकरण सांगत आले. वाराणसीतले ‘र’ आणि ‘ण’ जागा बदलून बसले म्हणून बनारस झाले. संस्कृतातले ‘चिह्न’ आपण ‘चिन्ह’ करून घेतले, प्रह्लादाला प्रल्हाद केले, आणि शुद्धलेखनानेही ते मुकाट्याने मान्य केले. पण खेड्यातला माणूस ‘नुस्कान’ म्हणाला किंवा रिक्षाला ‘रिश्का’ म्हणाला, की आम्ही हसतो. ठेच तीच, एकाच्या ठेचेचा रस्ता झाला, दुसऱ्याच्या ठेचेचा विनोद.

हे लिहिता लिहिता मला जे सांगायचे आहे, त्याच्यापाशी मी नाइलाजाने येतो. या प्रकरणाच्या आधी महिनाभर माझ्या वर्गातल्या एका मुलीने रजेचा अर्ज पाठवला होता. ‘मला दोन दिवसांची रजा मिळावी’ याऐवजी त्यात ‘जरा मिळावी’ असे पडले होते. मी तो भर वर्गात वाचून दाखवला. म्हटले, “दोनच दिवसांचं म्हातारपण मागणारी ही पहिलीच!” वर्ग हसला. तीही हसली, खाली मान घालून. पुढे कळले, तिची आजी रुग्णालयात होती. रात्रभर तिच्या उशाशी बसून त्या मुलीने मोबाइलवर तो अर्ज लिहिला होता. कळल्यावर मी वरमलो, पण बोललो काहीच नाही. शिक्षकाला लाल शाई वापरायची सवय असते. क्षमा कोणत्या शाईने मागायची, ते त्याला ठाऊक नसते.

सरांच्या उत्तराची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत ती मुलगी मला रोज वर्गात दिसत होती. सातव्या दिवशी मी हजेरी घेतली, पुस्तक मिटले आणि माझ्या ‘मरा’ची सगळी हकिगत सांगितली. वर्ग पोट धरून हसला. मग मी म्हणालो, “रजेच्या त्या अर्जाला मी हसलो, ते चुकलं. तिला शब्द येत होता. मला माणूस वाचता आला नाही.” वर्ग एकदम शांत झाला. ती मुलगी काही बोलली नाही. पण या वेळी तिची मान वर होती.

आठव्या दिवशी सरांच्या नातवाच्या फोनवरून एक छायाचित्र आले. फुलस्केप कागदावर सरांनी माझे वाक्य आपल्या वळणदार अक्षरात उतरून काढले होते. ‘मरा’तल्या दोन अक्षरांभोवती लाल शाईने मुद्रितशोधनातली ती नागमोडी खूण होती, एका अक्षरावरून जाऊन दुसऱ्याखालून वळणारी. समासात लिहिले होते : ‘अक्षरे तीच, क्रम बदलावा. झाड अजून तग धरून आहे. रमण्याचा प्रयत्न चालू आहे. वाल्या कोळ्याची सुरुवातही “मरा”पासूनच झाली होती.’

खाली गुण दिले होते. दहापैकी नऊ.

एक गुण कशाचा कापला, ते विचारायला मी येत्या रविवारी जाणार आहे. लिहून विचारणार नाही.