हिरव्या डागांचा पावसाळा

वाशिम, श्रावण. चार दिवस झड लागलीय. फळीवरच्या काशाच्या वाटीवर हिरवा ठिपका दिसला आणि मन माहुरझरीला गेलं.

नागपूरजवळच्या माहुरझरीतल्या महापाषाणयुगीन दफनांचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी १९७०-७२ मध्ये केलं. आपल्या वत्सगुल्माच्या, म्हणजे वाशिमच्याच, वाकाटक राजांहूनही कितीतरी जुनी माणसं ती! विदर्भातल्या त्या काळच्या काही कांस्यवस्तू पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा तांब्यात सुमारे २० टक्के कथिल निघालं. एवढं कथिल असलेलं कासं थंड असताना ठोकलं की तडकतं. लालबुंद तापवून ठोकायचं आणि गरम असतानाच पाण्यात विझवायचं. ही अक्कल त्यांना होती, आणि आपण त्यांना 'आदिम' म्हणतो!

जुन्या कांस्याचा खरा वैरी म्हणजे मातीतले क्लोराइड. गुळगुळीत, घट्ट हिरवा थर धातूला राखतो. त्याला हात लावू नये. पण फिकट हिरवी, नखाने सुटणारी भुकटी दिसली की समजावं, आत रोग लागलाय. ओल मिळेल तसा तो धातू पोखरत जातो. संवर्धक क्लोराइड काढतात, गंज रोखणाऱ्या बेन्झोट्रायझोलचा लेप देतात आणि भांडं कोरड्या पेटीत ठेवतात.

म्हणून नांगराला जुनं भांडं लागलं, तर चिंच-राखेने घासू नका. माती पुसूही नका. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची वर्दी देणं बंधनकारकच आहे.