दुनळीबाई, तुला वाघाने विकलं

दुनळीबाईंस,



तू काय आणि किती मारलंस यावर शिकाऱ्यांनी कपाटं भरतील एवढं लिहून ठेवलंय. त्यात मला भर घालायची नाही. मला बोलायचंय ते तुझ्या विक्रीबद्दल. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली तेव्हा तू ठासणीची होतीस. १९०१ साली ती गेली तोवर काडतूस मागून भरलं जाऊ लागलं होतं, बाहेरचे घोडे तुझ्या पोटात गेले होते आणि काळ्या दारूची जागा बिनधुराच्या दारूने घेतली होती. ते कारागिरांचं काम, त्यांना माझा मुजरा. पण बर्मिंगहॅमच्या भट्टीतून निघून तू बालाघाटाच्या माळापर्यंत पोचलीस ती निव्वळ कारागिरीच्या जोरावर नव्हे. तुला कुणीतरी विकलं. आणि माझं म्हणणं असं की ते काम वाघाने केलं, तेही फुकटात.

आमच्या उदगीरचा माळ काही वाघाचा नव्हे. इथे गवत, मुरूम, खडकाळ उतार आणि ज्वारीची रानं. काळवीट, चिंकारा, ससा, तितर, लावा, पूर्वी नशीब जोरावर असलं तर माळढोक, आणि मेंढरांच्या मागावर लांडगा. वाघाचं रान हवं असेल तर पैनगंगेकाठी माहूर-किनवटकडे वळायचं, आणि ते किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचं. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात. दोन्हीकडे राज्य निजामाचं. इथल्या तितर-सशाला साधी एकनळी पुरली असती. तरी ज्याची ऐपत होती त्याला तूच पाहिजे होतीस: विलायती, दोन नळ्यांची, मधल्या पट्टीवर लंडनचा पत्ता कोरलेली.

ऐपत म्हणजे किती, तेही सांगून टाकतो. लंडनच्या नामांकित पेढीची दुनळी रायफल पन्नास गिनींच्या आसपास पडायची. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पौंडाला पंधरा रुपये होते, त्या हिशेबाने हे झाले पावणेआठशेच्या वर कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. आमच्या मुलखात चालायचा हाली सिक्का, त्याची किंमत कलदारापेक्षा कमी, म्हणजे हाली रुपये आणखी मोजा. १८९९-१९००च्या दुष्काळात याच मराठवाड्यात माणसं पाला उकडून खात होती, हे आठवल्याशिवाय मला तो आकडा लिहिता येत नाही.

एवढे पैसे माणूस तितरासाठी मोजत नाही.

तुझ्या पेढीवाल्यांना हे फार लवकर कळलं होतं. १८५६ साली जेम्स पर्डीने आपल्या नव्या रायफलींना आगगाडीचं नाव दिलं, 'एक्स्प्रेस ट्रेन'. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी सुटून तेव्हा तीनच वर्षं झाली होती, आणि वेग म्हणजे आगगाडी हे साऱ्या जगाच्या डोक्यात नुकतं बसलं होतं. पुढे 'ट्रेन' गळलं आणि 'एक्स्प्रेस' उरलं. आत होतं काय? हलकी गोळी, तिच्या मागे दारू भरपूर. गोळी जवळजवळ सरळ रेषेत जायची, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकायचा नाही. हा दावा खोटा नव्हता. माळावरचं काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही आणि लपायला झुडूप नसतं. तिथे एक्स्प्रेसचा खरोखर उपयोग होता. घोटाळा झाला तो मोठ्या जनावराच्या बाबतीत. पुढे पोकळ ठेवलेली हलकी गोळी जाड हाडावर आपटून तिथेच फुटायची, आणि जखमी वाघ शिकाऱ्यावर किंवा हाकाऱ्यावर यायचा. त्यावर पेढ्यांचं उत्तर एकच: याहून मोठी बंदूक घ्या.

मग १८८५ आलं. जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी नावाचा बंगाल फौजेतला अधिकारी, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. त्याने नळीच्या तोंडाशी फक्त शेवटच्या काही इंचांत आटे पाडायची युक्ती काढली. बाकी नळी गुळगुळीत. त्यामुळे त्याच नळीतून छर्राही जायचा आणि गोळीही. हॉलंड अँड हॉलंड या पेढीने हक्क घेतले आणि नाव ठेवलं 'पॅराडॉक्स'. सकाळी तितर, दुपारी बिबट्या, बंदूक तीच. तुझ्या साऱ्या गोतावळ्यात मला हीच खरी हुशार वाटते, कारण हिंदुस्थानातल्या शिकाऱ्याची अडचण तिने ओळखली होती: रानात पुढच्या झुडपातून काय निघेल याचा नेम नसतो. स्पर्धकांना ती सलली. चार्ल्स लँकेस्टरच्या पेढीने अशीच दोन्ही कामांची बंदूक काढली आणि तिला 'कॉलिंडियन' म्हटलं. कलोनियल आणि इंडियन एकत्र कालवून. गिऱ्हाईक कुठलं धरायचंय हे त्यांनी बंदुकीच्या अंगावरच लिहून टाकलं.

या हॉलंडांची एक गंमत तुला ठाऊक असेलच. पेढी घालणारा हॅरिस हॉलंड मुळात तंबाखूचा व्यापारी. बंदूक घडवायचं शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. सुरुवातीला दुसऱ्यांकडून घडवून घ्यायचा आणि आपलं नाव घालायचा. तो काही एकटा नव्हता. त्या काळी लंडनच्या कितीतरी दुकानांची नावं बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांतल्या अनामिक हातांनी घडवलेल्या नळ्यांवर बसत होती. वेस्टली रिचर्ड्सची पेढी बर्मिंगहॅमची, पण तिचं लंडनचं दुकान चालवायचा विल्यम बिशप. त्याच्या आडनावाचा अर्थच धर्मगुरू, म्हणून लोक त्याला बाँड स्ट्रीटचा बिशप म्हणत. मोठमोठे सरदार त्याच्या दुकानात बंदूक बघायला कमी आणि बसून गप्पा मारायला जास्त येत. गिऱ्हाइकाला आधी बसवायचं, माल मग दाखवायचा, ही रीत आमच्या उदगीरच्या मोंढ्यातल्या आडतीवरही चालते, त्यामुळे या माणसाबद्दल मला उगाच जिव्हाळा वाटतो.

आणि पुस्तकं! सॅम्युअल बेकरने सिलोन आणि आफ्रिकेच्या शिकारकथा लिहिल्या. त्याने १८४० साली ब्रिस्टलच्या गिब्जकडून एकवीस पौंड वजनाची रायफल करून घेतली होती, आणि पुढे हॉलंडने त्याला अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा टाकणारं एक धूड बनवून दिलं, त्याला तो लाडाने 'बेबी' म्हणायचा. बेकर विक्रेता नव्हता. पण त्याची पानं वाचून विलायतेत घरी बसलेल्या पोराने ठरवायचं, हिंदुस्थानात नोकरी मिळाली की पहिली खरेदी बंदुकीची. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने तर मधली माणसं काढूनच टाकली. तो स्वतः बंदूकवाला, आणि १८८१ साली त्याने स्वतःच बंदुकीचा इतिहास लिहिला. पुस्तक विद्वत्तेचं आहे, आजही लोक उघडतात, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. फक्त वाचता वाचता बंदुकीची सारी उत्क्रांती ग्रीनरच्या कारखान्याशी येऊन थांबते. लँकेस्टर पेढीच्या मालकाचं आडनाव होतं थॉर्न. त्याने नेमबाजीवर पुस्तक लिहिलं ते 'चार्ल्स लँकेस्टर' या नावाने, म्हणजे पेढी काढणाऱ्या मेलेल्या माणसाच्या नावाने. दुकानाच्या पाटीने ग्रंथ लिहावा, असा हा प्रकार.

'द फील्ड' हे साप्ताहिक तुझ्या चाचण्या घ्यायचं. १८५८ साली ठासणीची बरी की मागून भरायची, यावर. १८७५ साली तोंडाशी आवळलेल्या नळीवर. ती चाचणी ग्रीनरने मारली. १८८३ साली रायफलींवर. त्यात हॉलंड अँड हॉलंड सगळ्याच गटांत पहिले आले. संपादक जे. एच. वॉल्श चोख माणूस, चाचण्याही गंभीरपणे व्हायच्या, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच साप्ताहिकात बंदूकवाल्यांच्या जाहिरातीही असायच्या. हॉलंडने मग काय केलं? 'फील्डच्या सर्व रायफल चाचण्यांचे विजेते' हे शब्द तुझ्या नळ्यांवरच कोरायला घेतले. जाहिरात छापून वाटली तर रद्दीत जाते. पोलादावर कोरली की मालक स्वतःच ती पिढ्यान्‌पिढ्या तेल लावून जपतो. इथे मात्र मी हात टेकतो.

आमच्याकडे तुला प्रथम आणलं ते छावण्यांनी. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची घोडदळं मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला असायची. हिंगोलीलाही छावणी. कवायत उरकल्यावर अधिकाऱ्यांना दिवस मोकळा आणि भोवती काळविटांचे कळप. यांना माल पुरवायला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे जाडजूड कॅटलॉग होते. ही संस्था १८७१ साली लंडनात फौजी अधिकाऱ्यांनी सहकारी तत्त्वावर काढली, आणि १८९०च्या दशकात मुंबईत तिचं दुकान आलं. काळा घोड्याला ती इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. मुरब्ब्यापासून तंबूपर्यंत सगळं एका छपराखाली, त्यात तूही.

साहेबाच्या खांद्यावर दिसलीस तशी मग तू दरबारात शिरलीस. सहावा निजाम महबूब अली खान पट्टीचा शिकारी. लाला दीनदयाळ त्याचा छायाचित्रकार. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झन हैदराबाद राज्यात शिकारीला आला, तेव्हाचं वरंगळकडच्या जंगलातलं चित्र जगभर फिरलं: मेलेला वाघ पुढ्यात, मागे कर्झन आणि त्याची बायको. त्या चित्राने कुठल्या पेढीकडून एक पैसा घेतला नाही. पण कुठल्याही कॅटलॉगपेक्षा जास्त काम केलं असणार. बघणाऱ्या जहागीरदाराला वाघ मिळणार नव्हता, व्हाइसरॉयपदही मिळणार नव्हतं. त्या चित्रातली एकच वस्तू पैसे टाकून घेता येण्यासारखी होती, आणि ती तू होतीस. वाघाने तुला विकलं म्हणतो ते या अर्थाने. रानात वाघ हाकणाऱ्या माणसांची नावं मात्र चित्राखाली आली नाहीत.

कायद्यानेही तुझी किंमत वाढवली. १८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात देशी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं. गोऱ्यांना सूट. काही राजेरजवाड्यांना आणि मानकऱ्यांनाही सूट. मग परवाना किंवा माफी हीच एक पदवी झाली. निजामाचा मुलूख त्या कायद्याच्या बाहेरचा, पण सरहद्दीपलीकडचा मान अलीकडे यायला वेळ लागत नाही. १९०७च्या सुमारास सरकारने .४५० बोरच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आणली. त्यांची काडतुसं बंडखोरांच्या हातातल्या फौजी मार्टिनी-हेन्री रायफलींना चालतील ही भीती. पेढ्या रडत बसल्या नाहीत. .४६५, .४७०, .४७५ असे केसभर फरकाचे नवे बोर काढले आणि जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हा विकले.

त्याच काळात या माळावर दुसरे शिकारी होतेच की. फासेपारध्याकडे तांतीचे, केसांचे फास. तितर कुठल्या पायवाटेने पाण्यावर येतं ते त्याला पाठ. चित्तेपारधी चित्ते पकडून माणसाळवायचे आणि संस्थानिकांना विकायचे. तुझ्या शिकाऱ्यांनी आपल्या पुस्तकांत फास लावणं हलकट ठरवलं आणि कळपावर दोन्ही नळ्या रिकाम्या करणं मर्दानी. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे पारधी त्यात ओढले गेले. कुणाची शिकार हा छंद आणि कुणाची गुन्हा, ते रान ठरवत नव्हतं, हातातल्या वस्तूची किंमत ठरवत होती. यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे, पण तू बोलणार नाहीस.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने वाघाची शिकार संपली आणि तुझा विक्रेता गेला. तरी धंदा बुडाला नाही. पर्डी १९९४पासून कार्टिएचे दागिने विकणाऱ्या रिशमाँ समूहाकडे आहे. हॉलंड अँड हॉलंड १९८९पासून तीस वर्षांहून जास्त काळ अत्तरं आणि उंची कपडे करणाऱ्या शनेलच्या पदरी होती, मग २०२१मध्ये बेरेटाने घेतली. अत्तर आणि दागिन्यांच्या घरात तुझं इतकी वर्षं बस्तान बसलं, याचं मला नवल वाटत नाही.

आमच्याकडे वाघाची जागा आता आजोबांनी घेतली. 'ही आजोबांची' असं म्हटलं की चाप चालतो की नाही हे कुणी विचारत नाही. नळीत गंज असेल, दस्त्याला तडा गेला असेल, जुळणारं काडतूस जिल्ह्यात मिळत नसेल. वारसाहक्काने परवाना नावावर करायला घरातली पोरं मात्र भांडतात. आणि शेजारच्या शिवारात रानडुकरांनी हरभरा उकरलेला शेतकरी जुन्या साड्यांचं कुंपण बांधतो, रात्री पत्र्याचा डबा वाजवत बसतो. त्याच्यासाठी तुला कधी कुणी घडवलं नाही, जाहिरातही त्याला उद्देशून कधी निघाली नाही.

निवडणूक जवळ आली की ठाण्यात जमा व्हायचा निरोप येईल. जाण्याआधी तेल करून घे, पावसाळ्यात तिथल्या खोलीला ओल असते. पावतीवर पेढीचं नाव घालायला हवालदाराला जागा पुरणार नाही. तो 'बारा बोर, दोन नळी, जुनी' एवढंच लिहील.

कळावे,
तुझं कधीच न झालेलं एक गिऱ्हाईक,
उदगीर