चेकावरचे अक्षर

इंदुरीतील ज्या लहानशा संस्थेची खजिनदारी कित्येक वर्षे आमच्याकडे चालत आली आहे, तिचे चेक गेल्या एप्रिलपासून संगणकावर छापून निघू लागले. जगाच्या दृष्टीने ही गोष्ट फार क्षुल्लक. भाजीवालीदेखील जेथे मोबाइलवर पैसे घेते, तेथे चेक हाताने लिहावा की यंत्राने छापावा याचा वाद कसला, असे कोणीही म्हणेल. परंतु दोन सह्यांवाचून दमडीही बाहेर पडू नये, असा आमच्या संस्थेच्या घटनेत नियम आहे. आणि बालवाडीच्या शिक्षिका, झाडलोट करणाऱ्या बाया, वाणी, सुतार व शिष्यवृत्ती मिळणारी मुले मिळून महिन्याकाठी चाळीसएक चेक आम्हांस द्यावे लागतात. तेव्हा आमच्यापुरता तरी हा प्रश्न जिवंत होता, आणि त्याच्यापायी कार्यकारी मंडळाच्या दोन सभा खर्ची पडल्या.

आजवर हे चेक आमचे वृद्ध कारकून लिहीत. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. महिन्याची अखेर आली म्हणजे ते खिडकीशी बैठक मांडीत, बिलांची चळत डावीकडे ठेवीत, आणि मग दिवसभर त्यांच्याशी कोणी बोलू नये असा अलिखित दंडक असे. आधी नाव, मग अक्षरी रक्कम, मग आकडा, शेवटी तारीख. अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत ते अशी घट्ट रेघ ओढीत की तिच्या पलीकडे मुंगीलाही पाय ठेवता येऊ नये.

ही रेघ काही तात्यांनी शोधून काढलेली नाही. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या ज्या गढीचा दरवाजा आमच्या गावात आजही उभा आहे, त्या गढीच्या वैभवाच्या काळी राजपत्राच्या वर जशी मुद्रा असे, तशी खाली मोर्तबही असे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे शब्द उमटविलेले दिसतात. पेशवाईतील कागदांवर ‘लेखनसीमा’ असा शिक्का येतो. अर्थ एकच: मजकूर येथे संपला, यापुढे कोणी जोडील तर ते खोटे. चेकावरचा ‘फक्त’ हा त्या मोर्तबाचा गरीब वंशज होय.

पेढ्यांवरील हुंडीची युक्ती याहूनही नामी होती. शंभर रुपयांची हुंडी असली तर नुसते शंभर लिहून भागत नसे. निमे पन्नास, त्यांचे दुप्पट शंभर, असे लिहावे लागे. लबाडाने शंभराचे पाचशे केले तर पन्नासाचेही अडीचशे करणे त्यास भाग पडे, आणि एवढी खाडाखोड सावकाराच्या नजरेतून सुटत नसे. लिहिणाराही निमे काढताना क्षणभर थांबे, आणि ज्या रकमेचे निमे मनात काढले ती हातून सहसा चुकत नाही. पुढे १८८१ साली इंग्रज सरकारने हुंड्या-चेकांचा जो कायदा केला, व जो अद्याप चालू आहे, त्याच्या अठराव्या कलमात आकडा आणि अक्षर यांत फरक पडल्यास अक्षरी रक्कम खरी धरावी असे सांगितले आहे. आकड्यावर एक शून्य चढविणे सोपे. शब्द बदलणे अवघड. एकाच कागदावर दोन साक्षीदार उभे करावयाचे, आणि त्यांचे जमले नाही तर कोणावर विश्वास ठेवावयाचा हे आधीच ठरवून टाकावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

आता छपाईच्या बाजूने बोलावयाचे तर तिची बाजू लहान नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नव्या पद्धतीत चेकाचा कागद शाखेतच राहतो आणि त्याचे चित्र तेवढे पुढे जाते. मुंबईस ही रीत २०१३ च्या एप्रिलमध्ये आली. चित्रावर संशयाची चर्चा होऊ शकत नाही; म्हणून तारखेवाचून अन्य कोठेही दुरुस्ती चालावयाची नाही, असे २०१० सालीच ठरले होते. पूर्वी खाडाखोड झाली की शेजारी सही करून भागत असे. तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हातास कंप. त्यांच्या साताचा एक दिसू लागला होता. एका मुलीच्या शिष्यवृत्तीचा चेक याच कारणाने परत आला आणि तिची फी भरण्याची मुदत टळली. तिचे वडील आमच्या दारात उभे राहिले व रागाचा एक शब्दही न बोलता परत गेले. त्या दिवसानंतर हाताच्या लिखाणाची बाजू घेऊन सभेत बोलण्याचे धैर्य कोणालाच उरले नाही. तात्यांनी स्वतःच ठरावास अनुमोदन दिले.

अशा रीतीने डॉट मॅट्रिक्स यंत्र आले, आणि ते चालविण्यास गावातलाच एक हुशार तरुण आला. तात्यांना जे काम दिवसभर पुरे, ते त्याने चहा निवण्यापूर्वी आटोपले. सुबक अक्षरे, सरळ ओळी, एकही खाडाखोड नाही. आम्ही मनापासून आनंदलो.

दुसऱ्याच महिन्यात झाडलोट करणाऱ्या एका बाईंचा चेक साडेचार हजारांऐवजी साडेचारशेचा निघाला. आकडा भरताना एक शून्य राहिले होते. असे कोणाच्याही हातून होईल. त्या मुलास दोष द्यावा असे आम्हांस वाटले नाही. खरी गोष्ट पुढे आहे. यंत्राने त्या चुकलेल्या आकड्यावरूनच अक्षरे तयार केली होती, आणि चेकावर ठळकपणे ‘चारशे पन्नास फक्त’ असे छापले होते. १८८१ च्या कायद्याचे दोन साक्षीदार कागदावर उभे होते खरे, पण दुसरा पहिल्याने पढविलेला होता! अक्षर आणि आकडा यांत फरक पडण्याचा संभवच यंत्राने नाहीसा केला, आणि त्याबरोबर चूक उघडकीस येण्याची वाटही बुजविली. तात्यांच्या हातास ‘चारशे पन्नास’ लिहिताना अडखळल्यावाचून राहवले नसते, कारण त्या बाईंचा पगार त्यांना ठाऊक होता.

अध्यक्षांची सही झाली होती. चेक आमच्याकडे येण्याआधी पाकिटात घालताना तात्यांनी तो अडविला. आम्ही म्हणालो, “तात्या, गेला असता तरी बाईंनी येऊन विचारलेच असते.” तात्या म्हणाले, “नाही हो दादा. खाडे कापले असतील असे समजून गप्प बसल्या असत्या त्या.”

हे उत्तर आमच्या मनातून बरेच दिवस गेले नाही. रक्कम चुकून जास्त गेली तर संस्था दुसऱ्या दिवशी जागी होते. कमी गेली तर ज्याचे गेले त्यानेच जागे व्हावयाचे, आणि तो बहुधा बोलण्यास भिणारा असतो. त्यातून ४ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी टाकलेल्या चेकाचा निकाल त्याच दिवशी लागू लागला आहे. पूर्वी चेक वटण्यास जे दोन-तीन दिवस लागत, त्यांना आम्ही नावे ठेवीत असू. पण तेवढ्या अवधीत चूक ध्यानात येऊन चेक थांबविता येत असे.

पुन्हा हाताने लिहावे, असे मात्र आम्ही सुचविले नाही. त्या मुलीच्या वडिलांचा चेहरा आम्ही विसरलो नव्हतो. सभेने एवढेच ठरविले की, तात्यांनी दर महिन्यास बिले व हजेरीपट पाहून प्रत्येकाची रक्कम एका वहीत स्वतःच्या हाताने अक्षरी लिहावी, आणि सह्यांच्या वेळी ती वही चेकांशेजारी उघडी असावी. वहीतला साताचा एक झाला तरी बँकेचा काही संबंध नाही, आणि अक्षरी लिहिलेले ‘सात’ सहसा ‘एक’ होत नाही. “म्हणजे दुप्पट काम,” असे तो तरुण हसून म्हणाला, व ते खोटे नव्हे. तात्या मात्र कोणी सांगितले नसताही समासात पेन्सिलीने प्रत्येक रकमेचे निमे लिहून ठेवतात.

एकच अडचण निघाली. दोन महिन्यांनी पाहतो तो तो मुलगा यंत्रात आकडे भरण्यापूर्वी तात्यांची वही मागून नेई आणि तिच्यावरूनच सारे उतरून घेई. हेतू चांगला, चूक होऊ नये हाच. पण अशाने पुन्हा एका साक्षीदाराने दुसऱ्यास पढविल्यासारखे झाले. ते आम्ही बंद केले. आता सह्यांच्या दिवसापर्यंत वही कपाटात असते, आणि किल्ली तात्यांच्या खिशात.