गलोल टाकल्यावर

छंदावाचून मनुष्य विरळा. परंतु तो छंद चांगला की वाईट, हे पुष्कळदा उशिराच उमगते. आमचा छंद भटकण्याचा. सुटीच्या दिवशी उजाडण्यापूर्वी घर सोडावे, रंकाळ्याचा काठ गाठावा आणि संध्यामठावर कोवळे ऊन येईपर्यंत हिंडत राहावे, याहून मोठे सुख आम्हांस ठाऊक नव्हते.

शाळकरी वयात या भटकंतीत आमच्या खिशात गलोल असे. नेम बरा होता. नेमाचा गर्व त्याहून मोठा होता. एकदा वैशाखात काठावरच्या फांदीवर बसलेला खंड्या आम्ही टिपला. सोबत्यांनी शाबासकी दिली. हाती घेऊन पाहिले, तो तपकिरी डोके, शुभ्र गळा, निळेशार पंख, सारे जसेच्या तसे होते. केवळ ऊब ओसरत होती. इतक्यात चोचीत नाकतोडा धरून दुसरा खंड्या आला आणि समोरच्या मातीच्या दरडीतील बिळात शिरला. बाहेर येऊन त्याच फांदीवर बसला व ओरडू लागला. खंड्याचे जोडपे मिळून बीळ कोरते आणि दोघेही पिलांस भरवितात, हे आम्ही पुढे वाचले. पण काय घडले ते त्या क्षणीच कळले. शुभवर्तमानातील चिमणीचे वचन आम्हांस तोंडपाठ होते. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी समजला. गलोल पुन्हा हाती धरली नाही.

पुढे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांची हकीकत वाचनात आली. १९०८ च्या सुमारास, लहानपणी, त्यांनीही छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून, ही कोणती चिमणी, हे विचारण्यास ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला, आणि त्यातून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. त्यांनी नाव विचारले. आम्हांस ते सुचलेही नव्हते.

तेव्हापासून गलोलीच्या जागी वही आली. भटकणे तेच, काठ तोच. आनंद मात्र दसपट झाला. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते व पिलांस पाठीवर घेऊन पोहते. पावसाळा सरला की हिमालयाकडून आलेला धोबी शेपूट हालवीत काठावर धावतो. बगळा घटकाभर एका पायावर स्तब्ध उभा राहतो. हे पाहण्यास पैसा लागत नाही, धीर लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत एक तरी पाखरू नावानिशी ओळखा. ज्याचे नाव, घर व पिले आपणांस ठाऊक झाली, त्याच्यावर दगड उचलण्यास हात धजत नाही. आणि पालकांस विनंती इतकीच, की मुले पहाटे बाहेर पडू लागली तर त्यांस अडवू नये. जाताना त्यांच्या हाती एक वही द्यावी.